हलव्याचा काटा

पक्वान्नांची योग्यता केवळ जिभेने ठरवायची झाली, तर संक्रांतीच्या हलव्याचा क्रमांक फार खाली लागेल. तिळाच्या वडीला खमंगपणा आहे, गुळाच्या पोळीला तुपाची साथ आहे. हलवा मात्र तोंडात टाकला की आधी साखर, नंतरही साखर, आणि अगदी शेवटी दाताखाली एक इवलासा तीळ. असे असूनही पौषातली थंडी पडू लागली की दूरदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला प्रथम आठवतो तो हा पांढराशुभ्र, काटेरी दाणा. याचे कारण चवीत सापडणार नाही. ते हलवा ज्या रीतीने तयार होतो त्या रीतीत आहे, आणि म्हणून आज तिच्याविषयीच थोडे सांगावे असा माझा विचार आहे.

उत्तर हिंदुस्थानात वाढलेल्या मराठी मुलांना या नावाने प्रारंभीच घोटाळ्यात टाकलेले असते. दिल्लीला किंवा लखनौला हलवा म्हटला म्हणजे गाजराचा नाही तर रव्याचा, तुपाने निथळणारा पदार्थ. ‘आमच्या घरी आज हलवा आहे’ असे शाळेत सांगून दुसऱ्या दिवशी डबीतून पांढरे काटेरी दाणे काढले, की ऐकणाऱ्यांची निराशा ठरलेलीच. आपला हलवा म्हणजे तीळ, खसखस, साबुदाणा, कलिंगडाच्या बिया, बडीशेप, क्वचित लवंग, यांपैकी कशावर तरी साखरेच्या पाकाचे थरावर थर चढवून फुलवलेला दाणा. बाहेरच्या साखरेपेक्षा आतल्या बीजाचे महत्त्व कमी नाही, कारण दाण्याचा आकार तेच ठरविते. तिळाचा हलवा लांबट होतो, खसखशीचा मोत्यासारखा, आणि बडीशेपेचा थेट तांदळाच्या दाण्याची आठवण देतो.

फळाला किंवा बीला साखरेचे कवच चढवण्याची हौस सर्व जगात आहे. इंग्लंडात ५ नोव्हेंबरच्या शेकोट्यांच्या रात्री आणि अमेरिकेत ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनला सफरचंद काडीला टोचून उकळत्या पाकात बुडवतात, आणि ते चमकदार फळ पाहून तिकडील वृद्धांनाही बालपण आठवते. परंतु त्या कवचाची आणि आपल्या हलव्याची जात भिन्न आहे. सफरचंदाचा पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यातले पाणी जवळजवळ सारे उडून जाते, आणि साखरेने स्फटिक धरू नयेत म्हणून त्यात आंबट काहीतरी किंवा ग्लुकोज घालतात. थंड झाल्यावर जे उरते ती साखरेची काच असते. हलव्यात याच्या नेमके उलट हवे असते. तेथे साखरेने स्फटिक धरले पाहिजेत, तेही आपण सांगू तेव्हा आणि सांगू तेथे. जाता जाता एवढे सांगितले पाहिजे की त्या सफरचंदाच्या नावातला ‘कँडी’ हा शब्द मूळचा आपला ‘खंड’ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या रसाची रूपे सांगितली आहेत. त्यांतला खंड अरबांच्या तोंडून युरोपात गेला.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून पाक उकळावयास ठेवतात. त्यात चमचाभर दूध घातले की साखरेतली मळी फेसाबरोबर वर येते. ती काढून पाक फडक्यातून गाळून घेतात. हलव्याचा पांढरेपणा येथेच ठरतो. पाक एकतारी हवा. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये थेंब धरून बोटे विलग केली असता एक तार निघावी आणि लगेच तुटावी. पाकात लिंबाचा रस जास्त पडला तर साखर फुटते, पाक चिकट होतो आणि मग काट्याची आशा सोडावी. दुसरीकडे कल्हई केलेली पसरट परात शेगडीवर ठेवतात. शेगडीत निखारे असतात, पण त्यांवर राखेचे पांघरूण घातलेले असते. परातीला हात लावून ठेवता आला पाहिजे इतकीच ती तापावी. परातीत पाव वाटी भाजलेले तीळ पसरायचे आणि त्यांवर चमचाभर पाक सोडून बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने फिरवीत राहायचे. पाक सुकला, दाणे सुटे झाले, की पुन्हा चमचाभर. पुन्हा फिरवणे, पुन्हा सुकणे, पुन्हा चमचाभर. पाव वाटी तिळांना दोन वाट्या साखर सहज जिरते, आणि ती चमच्याचमच्याने जिरवायची असते. यावरून किती वेळ लागत असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दोन दिवसांत पुरा होणारा हलवा क्वचितच. चांगल्या हलव्याला तीन-चार दिवस हवेत.

पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढरे होतात. काटा दुसऱ्या दिवशी दिसू लागतो, आणि तो का दिसतो हे समजून घेण्यासारखे आहे. वीस अंश उष्णतेच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, तर उकळत्या पाण्यात जवळजवळ ४९० ग्रॅम. गरम पाकाचा थेंब परातीतल्या दाण्यावर पडून निवू लागला, त्यातले पाणी हवेत गेले, की जादा साखरेला जागा राहत नाही. ती दाण्यावर बारीक स्फटिकांच्या रूपाने बसते. हे बसणे सर्वत्र सारखे होत नाही. कोठेतरी एखादा कण किंचित वर राहतो. दाणा परातीत लोळताना ओल्या पाकाला प्रथम टेकतो तो हाच उंचवटा, म्हणून साखर त्यालाच अधिक मिळते. आणि हवेत पुढे आलेला असल्यामुळे तो सुकतोही लवकर. ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी मिळावे हा जगाचा परिचित न्याय परातीतही चालतो, आणि त्यातून काटा उभा राहतो.

हलवा करणाऱ्या स्त्रियांचे सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात. पाक एकदम जास्त पडला तर खळगे भरून जातात आणि काटे बुडतात. विस्तव प्रखर झाला तर पाक पसरण्यापूर्वीच सुकतो आणि परातीत पिठीसाखर जमते. हात जड पडला तर आलेले काटे झिजतात. हवा दमट असेल तर पाणी उडेनासे होते. म्हणूनच मुंबईच्या किंवा कोकणपट्टीच्या हवेत काटा धरणे हे दुर्घट काम, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत तोच काटा तुलनेने सुखाने येतो. पहाटे उठून हलव्याला बसण्याच्या चालीतही केवळ सोवळ्याओवळ्याचा भाग नव्हता. थंडी त्या वेळी अधिक असते.

या काट्याने एका मोठ्या शास्त्रज्ञालाही विचार करावयास लावले होते. जपानात ‘कोंपेइतो’ नावाची अशीच काटेरी साखरगोळी आहे. हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘कॉन्फेइतो’वरून आला. लुईस फ्रोइस या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने १५६९ साली ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बरणीतून ही मिठाई नजर केली होती. जपानी कारागीर ती तिरप्या, फिरत्या कढईत पाक शिंपडून करतात, आणि एका घाण्याला दोन आठवड्यांच्या आसपास वेळ लागतो. तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि ललित लेखकही होते. पाक सर्व बाजूंनी सारखाच लागत असता कण गोल का वाढत नाही, त्याला शिंगे का फुटतात, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे मांडला. आपल्याकडे माजघरात परातीपुढे बसलेल्या कितीतरी स्त्रियांना या प्रश्नाचे उत्तर बोटांच्या टोकांत ठाऊक होते. लिहून ठेवण्याची सोय मात्र त्यांना नव्हती.

तयार हलव्याचे पुढे काय होते? निम्मा वाटला जातो, निम्म्याचे दागिने होतात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेने काळी चंद्रकळा नेसून हलव्याची चिंचपेटी, तन्मणी, बांगड्या, बाजूबंद, नथ ल्यायची. जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. तान्ह्या मुलाला मुकुट आणि बासरी, आणि मग त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा यांचे बोरन्हाण. एरवी अशुभ मानलेला काळा रंग त्या दिवशी मुद्दाम निवडलेला. त्यावर हा पांढरा काटा चांदण्यासारखा उठून दिसतो. या दागिन्यांत एक गंमत आहे. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, तो दोऱ्याच्या गाठीत धरावा लागतो, आणि गाठ निसटत नाही ती काट्यांमुळेच. गुळगुळीत हलवा खायला तेवढाच गोड. पण त्याची नथ होत नाही.

आपला मुलूख सोडून गेलेल्यांच्या वाट्याला हा हलवा बहुधा टपालाने आला. संक्रांतीच्या भेटकार्डात कागदाची चिमुकली पुडी आणि तीत चार-दोन दाणे. टपालखात्याचा शिक्का बरोबर त्या पुडीवर बसे आणि कलकत्त्याला किंवा कानपूरला पोहोचेपर्यंत हलव्याचे पीठ झालेले असे. तरीही ते पीठ बोटाने चाटून घरातली वडील मंडळी ‘गोड बोला’ असे एकमेकांना म्हणत. मुलांना त्यात काय आहे हे कळत नसे. साखर तर कलकत्त्यालाही मिळत होती.

या स्मृतीचा आपण नेहमी उल्लेख करतो, परंतु तिचा एक भाग बहुधा गाळून करतो. आमच्या घरी हलवा करीत असे ती माझ्या वडिलांची आत्या. तिला बालपणीच वैधव्य आले होते आणि पुढचे सारे आयुष्य भावाच्या संसारात गेले. तिच्या हातच्या हलव्याला जसा काटा येई तसा आळीत कोणाच्याही हाताला येत नसे. चार पहाटे ती परातीपुढे बसे. चौथ्या दिवशी तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोके लाल आणि सोललेली असत, आणि ती भाताच्या पेजेत बुडवून बसे. हळदीकुंकवाच्या दिवशी तो हलवा चांदीच्या वाटीतून ओटीवर जाई. आलेल्या बायका ‘काय सुरेख काटा आलाय!’ असे म्हणत. कौतुक माझी आजी स्वीकारी. आत्या स्वयंपाकघरातच असे, कारण विधवेने त्या समारंभात बाहेर यायचे नसे. आपण होऊन तिने कधी तक्रार केली नाही, हे खरे. पण तक्रार केली नाही म्हणजे लागले नाही असे समजण्याइतके आपण भोळे असू नये. असे हात त्या काळी घरोघरी होते. हलव्याच्या आठवणीने ज्यांचा कंठ दाटतो, त्यांनी परातीपुढे कोण बसत असे हेही आठवून पाहावे.

हे सर्व बदलते आहे. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे आदी वैधव्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. विधवांनाही मानाने बोलावणारी हळदीकुंकवे आता अनेक ठिकाणी होतात. दुसरीकडे, हलवा घरी करणारी घरे मात्र थोडी उरली. फिरत्या यंत्रपात्रात घडलेला हलवा बाजारात पुड्यांतून मिळतो; दागिन्यांचा संचही तयार मिळतो. याबद्दल गळा काढण्याचे मला कारण दिसत नाही. कोणाच्या तरी सोललेल्या बोटांवर उभी असलेली प्रथा यंत्राने उचलली तर ते बरेच झाले. पण ज्याला स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या बोटांनी काटा फुलवून पाहावयाचा असेल, आणि यात पुरुषांनाही मज्जाव नाही, त्याच्यासाठी हा खटाटोप अजून शिल्लक आहे.

शेगडी नसली तरी अडत नाही. गॅसच्या अगदी मंद ज्योतीवर जाड तवा आणि तव्यावर परात ठेवली की राखेखालच्या निखाऱ्यासारखी ऊब मिळते; परात तापली असे वाटताच ज्योत बंद करावी, पुन्हा लावावी. तिळाऐवजी प्रथम साबुदाणा घ्यावा. तो मुळात गोल आणि मोठा, त्यामुळे नवशिक्याच्या हाताला वळतो. मूठभरापेक्षा अधिक घेऊ नये. पाकाचे भांडे गरम पाण्यात ठेवावे, म्हणजे तो मधेच आळून बसत नाही. पहिल्या दिवशी चार तास बसूनही दाणे नुसते पांढरे दिसले तर निराश होऊ नये. परात पातळ फडक्याने झाकून रात्रभर कोरड्या जागी ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा चमचाभर पाक सोडावा.