भाड्याचे घर : किंमत आणि प्रत



'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. बांधलेले घर भाड्याने दिल्यावर काय पाहावे लागते, हे मात्र ती सांगत नाही. चार पैसे शिल्लक पडले की एखादे घर बांधावे आणि उतारवयात भाड्यावर निश्चिंत राहावे, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असते. इच्छा गैर नाही. परंतु त्या घरावर खर्च किती करावा? हात आखडला तर घर टिकत नाही. सैल सोडला तर भाडे पुरत नाही.

प्रथम आकडेमोड करू. समजा, 20 लाखांत घर उभे केले आणि महिना 8,000 भाडे ठरले. वर्षाचे 96,000, म्हणजे शेकडा 4.8. आपण इथेच थांबतो आणि फसतो. घरपट्टीचे 8,000, गळकी गच्ची व फुटके नळ यांच्या डागडुजीचे 16,000 आणि भाडेकरू कंटाळून गेल्यावर जागा महिनाभर रिकामी राहिली त्याचे 8,000 वजा करा. उरले 64,000, शेकडा 3.2.

आता दुसरा गृहस्थ घ्या. त्याने गच्चीचा उतार, नळ आणि विजेच्या तारा यांवर 2 लाख अधिक घातले. भाडे तेवढेच, पण डागडुजी 4,000 वर आली आणि जागा रिकामी पडली नाही. त्याला 84,000 उरले. 22 लाखांवर शेकडा 3.8. तिसऱ्याने याखेरीज संगमरवरी फरशी व नक्षीदार दरवाजे यांवर आणखी 5 लाख ओतले. भाडे वाढले जेमतेम 500. त्याच्या हाती शेकडा 3.3 च पडले.

आकडे उदाहरणापुरते आहेत, पण त्यांतला नियम खरा आहे. पाणी, वीज आणि भार जिथे आहे तिथे काटकसर करू नये. जिथे नुसती शोभा आहे तिथे खुशाल करावी.

डागडुजी थांबली म्हणजे काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. युद्धकाळानंतर जागेची टंचाई होती. भाडेकरूची पिळवणूक थांबवणारा 1947 चा कायदा तेव्हा आवश्यकच होता. त्याने पुष्कळ जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. पुढे चुना, सिमेंट, मजुरी सारे वाढले. भाडे मात्र जागच्या जागी राहिले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना, आणि पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या. अखेर 1969 मध्ये दुरुस्ती मंडळासाठी कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. भाडे असे गोठवून ठेवणे वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये म्हटले. त्यानंतरचा 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याने वर्षाला शेकडा 4 वाढीची मुभा दिली आणि घर सुस्थितीत राखण्याचे कर्तव्यही मालकावर ठेवले.

या दोन गोष्टी एकत्र आल्या, यातच शहाणपण आहे. भाडे म्हणजे सगळाच नफा नव्हे. त्यात घराचे औषधपाणीही आहे. म्हणून भाडे हाती येताच दुरुस्तीचा वाटा आधी बाजूला काढावा, मग उरलेले आपले म्हणावे. आपण वाचवलेल्या पैशाच्या छपराखाली दुसऱ्याची मुलेबाळे झोपत असतात, एवढे घर बांधणाराने विसरू नये.