संगमनेरचा फंदी : डफावरून फटक्याकडे

पेशवाईच्या उत्तरार्धातल्या शाहिरांची नावे घ्यायला बसले की राम जोशी आणि होनाजी आधी ओठांवर येतात. राम जोश्यावर 1947 मध्ये चित्रपट निघाला, होनाजीवर 1951 मध्ये ‘अमर भूपाळी’ आला. अनंत फंदीच्या वाट्याला शाळेचे पुस्तक आले. एक फटका, त्याखाली दोन ओळींची कवीची ओळख, कठीण शब्दांचे अर्थ आणि स्वाध्याय. जन्मभर फड गाजवलेला माणूस आपल्याला भेटतो तो उपदेश करणाऱ्या आजोबांच्या वेशात. हे मला फार वर्षे खुपते आहे. या अंकात संपादकांनी मोकळी पाने दिली आहेत, म्हणून ते एकदा मांडतोच.

आधी चरित्र. अनंत भवानी घोलप, जन्म 1744, गाव संगमनेर. घराणे ब्राह्मणाचे, आणि सराफीचा धंदा करणारे, असे जुने चरित्रकार सांगतात. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची मैत्री होती आणि त्या संगतीतच ‘फंदी’ हे नाव चिकटले, ही कथा सर्वपरिचित आहे. पुढे लोक आडनाव विसरले. तमाशाच्या फडात त्याने लावण्या गायल्या आणि नाव कमावले. होनाजीसारख्या समकालीन शाहिरानेही आपल्या कवनात त्याच्या अफाट कवित्वाचा गौरव केला. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्याने तमाशा सोडून कीर्तन धरले. पोवाडे, फटके आणि ‘माधवनिधन’ हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. मृत्यू 1819. चरित्र म्हणून एवढे पुरे. माझे मन गुंतले आहे ते त्याच्या आयुष्याला मिळालेल्या त्या वळणात.

हे वळण समजायला त्या काळचा फड डोळ्यांपुढे आणावा लागतो. डफ, तुणतुणे, मागे उभे राहून सूर ओढणारे झीलकरी आणि समोर गर्दी. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसत. एक शक्ती थोर म्हणे, दुसरा शिव. एकाने कवनातून कोडे घालायचे, दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच यमकावर, डफाचा ठेका न मोडता उत्तर द्यायचे. उत्तर सुचले नाही की हार. रात्र रात्र हे चाले आणि निकाल लोक देत. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात 1973 च्या सुमारास हिपहॉपची सुरुवात झाली. तिथली पोरे पुढे ठेक्यावर शब्द फेकत एकमेकांना आव्हान देऊ लागली, तेव्हा जगाला ते नवे वाटले. मराठी रॅप करणारी आजची मुले मोबाइलवर ऐकताना मला मात्र कलगी-तुऱ्याचे झगडे आठवतात. जोर शब्दांवर, यमक ओळीच्या शेवटी आणि मध्येही, आणि गळ्याच्या गोडव्यापेक्षा हजरजबाबीपणाला मान. फंदी या खेळातला मुरलेला गडी होता.

असा माणूस फड सोडतो म्हणजे नेमके काय सोडतो? आख्यायिका सरळ आहे. ब्राह्मणाने तमाशात गाणे बरे नव्हे, अशी बुद्धी देवाने दिली आहे ती चांगल्या कामी लाव, असे अहिल्याबाईंनी सांगितले आणि त्याने ऐकले. या गोष्टीत जातीच्या प्रतिष्ठेचा भाग मोठा आहे आणि तो मला आवडत नाही. तमाशा जगवला तो ज्यांना अशी प्रतिष्ठा कधी कुणी दिली नाही त्यांनी. त्यांच्यासोबत बसून गायला फंदीला जे धैर्य लागले असेल, ते फड सोडायला लागणाऱ्या धैर्यापेक्षा मला मोठे वाटते. राम जोश्याची कथाही अशीच सांगतात. सोलापूरचा हा ब्राह्मण शाहीर फडातून कीर्तनाकडे वळला आणि मोरोपंतांची कविता त्याने लोकांपर्यंत नेली. दोघांच्याही चरित्रांत तमाशा म्हणजे वाया घालवलेले तारुण्य आणि कीर्तन म्हणजे सुटका, अशी मांडणी दिसते. ती मला मान्य नाही.

तारखा लावून पाहा. अहिल्याबाईंचे निधन 13 ऑगस्ट 1795 रोजी झाले, म्हणजे हे बोलणे त्याआधीचे. त्याच वर्षी 11 मार्चला निजामाविरुद्ध खर्ड्याची लढाई झाली, तिच्यावर फंदीचा पोवाडा आहे. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात पडून झालेल्या जखमांनी गेले, आणि त्यांच्या मृत्यूवर ‘माधवनिधन’ आहे. हा ग्रंथ दुसऱ्या बाजीरावाच्या आज्ञेवरून लिहिला असे म्हणतात. पुढे यशवंतराव होळकरांवरचा पोवाडाही आहे. म्हणजे पन्नाशी ओलांडलेला हा माणूस गप्प बसलेला नाही. उलट त्याच्या भोवती जे जे कोसळत होते, ते तो कवनात धरून ठेवत होता. ऐन फडात उत्तर देणारा गायक आता लिहिणारा कवी झाला होता. दुसऱ्याने म्हणावे, पाठ करावे, गावोगाव न्यावे, अशी रचना करू लागला होता.

खर्ड्याला मी मुद्दाम जातो. जामखेड तालुक्यातले हे गाव. निंबाळकरांचा किल्ला गावाला लागूनच आहे. दगडी तटबंदी, भक्कम बुरूज आणि मान वर करून पाहावे असा दरवाजा. निजाम अली माघार घेऊन याच किल्ल्याच्या आसऱ्याला आला आणि इथेच कोंडला गेला. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड, पटवर्धन अशा सगळ्यांच्या फौजा पेशव्याच्या झेंड्याखाली एकत्र आल्या, त्या इथे शेवटच्या. तहात निजामाने 3 कोटी रुपये आणि दौलताबादच्या किल्ल्यासह मुलूख द्यायचे कबूल केले, दिवाणालाही मराठ्यांच्या हवाली केले. शाहिरांना अशा प्रसंगी उधाण येते. सरदारांची नावे एकामागून एक घ्यायची, घोडे, तोफा, डेरे मोजत जायचे आणि ऐकणाऱ्याला रणात उभे करायचे, ही पोवाड्याची रीत. किल्ल्याच्या बुरुजावर उभे राहून खालचा सपाट मुलूख पाहिला की या नावांच्या याद्यांचे मोल कळते. त्या घराण्यांच्या माणसांना आपले नाव शाहिराच्या तोंडून ऐकायचे असे. याच तालुक्यात थोडे दूर चौंडी, अहिल्याबाईंचे जन्मगाव. फंदीला फडातून उठवणाऱ्या बाई आणि फंदी दोघेही एकाच जिल्ह्याचे, आणि 2024 मध्ये त्या जिल्ह्याला बाईंचेच नाव मिळाले.

आता माझ्या आवडीचा भाग, फटका. अवघड वाट टाळून मळलेली वाट धर, असे सांगत सुरू होणारा तो प्रसिद्ध फटका बहुतेक वाचकांना अर्धा तरी पाठ असेल. या प्रकाराची सुरुवातच फंदीपासून मानतात. पाठ असलेली पहिली ओळ बोटांवर मोजा. तीस मात्रा. सोळावर थांबा, मग चौदा. आणखी बारकाईने पाहिले तर आठ, आठ, आठ आणि सहा. शेवटच्या गटात दोन मात्रा कमी पडतात आणि सगळी गंमत त्या रिकाम्या जागेत आहे. तिथे डफावर थाप पडते. ‘नको’ म्हणून शब्द तुटतो, थाप पडते आणि पुढची ओळ उसळून येते. एका शाहीर मित्राकडून मी हा फटका डफावर म्हणवून घेतला. शाळेत संथ सुरात म्हटलेली ती कविता ओळखू येईना. प्रत्येक ‘नको’ समोरच्याच्या छातीवर आदळत होता. त्या दोन मात्रांमध्ये फड अजून जिवंत आहे. फंदीने तमाशा सोडला असेल, पण त्याचा ठेका काही सोडला नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांनी उपदेश ठेवला आणि ठेका गाळला.

आणि उपदेश तरी कोणता? तो नीट वाचला तर त्यात मोक्ष, वैराग्य, माया यांच्यापेक्षा व्यवहार जास्त आहे. कुणाचे गहाण बुडवू नये. स्नेहासाठी पदरचे खर्च करावे, पण जामीन राहू नये. पैजेचा विडा उचलू नये. मोठ्यांच्या पाठबळावर गरिबाला दरडावू नये, सत्ता दोन दिवसांची असते आणि अपयश कपाळी राहते. गहाण, जामीन ही सारी भाषा पेढीची आणि बाजाराची आहे. घरचा धंदा सराफीचा हे खरे असेल, तर लहानपणी गादीवर बसलेल्या बापाच्या तोंडून ऐकलेलीच ही वाक्ये वाटतात. पैजेचा विडा मात्र फडातला असावा. कलगी-तुऱ्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने तो उचलू नको म्हणावे, यात अनुभव बोलतो आहे. आणि पाठबळावर गुरगुरणाऱ्यांविषयीचे कडवे बाजीरावाच्या काळात, संगमनेरच्या बाजारात, भर गर्दीत कुणी डफावर म्हटले असेल तर ऐकणाऱ्यांच्या मनात कुठल्या कारभाऱ्याचा चेहरा आला असेल, हे सांगायला नको. फंदीचा फटका हे बाळबोध सुविचार नव्हेत. त्यात गावच्या धनदांडग्यांना दिलेला इशारा आहे.

राहिल्या लावण्या. रंगेल म्हणून त्या बाजूला सारल्या जातात आणि संकलनांत त्यांच्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायची पद्धत आहे. मला तीही पटत नाही. ज्या हाताने ‘माधवनिधन’ लिहिले, त्याच हाताची लावणी आहे. शब्द नेमका ठेवणे, ऐकणाऱ्याला ओळीच्या टोकापर्यंत ताटकळत ठेवणे हे कसब त्याने लावणीतच मिळवले आणि फटक्यात वापरले. मोठ्या ओवीबद्ध ग्रंथात ते मला थोडे मंदावलेले दिसते. आज्ञेवरून लिहिलेल्या कवितेत असे होते.

1818 मध्ये पेशवाई बुडाली, पुढच्या वर्षी फंदी गेला. त्यानंतर कितीतरी वर्षे ही कवने गाणाऱ्यांच्या बाडांत आणि गळ्यांत राहिली. 1891 मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. पुढे 1908 मध्ये शाळिग्रामांनी फंदीच्या कवितांचे स्वतंत्र पुस्तकही काढले. गाणाऱ्यांकडून गोळा करून, पाठभेद लावून त्यांनी हे काम केले नसते तर आज फटक्यापलीकडे फारसे हाती राहिले नसते. शाळिग्रामांचे नाव फंदीच्या नावाबरोबर घेतले जात नाही, ते घेतले जायला हवे.

प्रवरा आणि म्हाळुंगीच्या काठचे संगमनेर तमाशाला मात्र विसरले नाही. तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळाबाई पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आणि महाराष्ट्रभर गाजली. अलीकडच्या काळात कांताबाई सातारकरांनी आपल्या फडाचे बिऱ्हाड संगमनेरातच केले आणि 2021 मध्ये त्या गेल्या त्याही इथेच. अनंत फंदीच्या नावाने इथे व्याख्यानमालाही चालते, चांगली चालते, वक्ते मोठे येतात. माझी आयोजकांना एवढीच विनंती आहे, की त्यातली एक रात्र व्याख्यानाला न देता कलगी-तुऱ्याला द्यावी. दोन फड समोरासमोर बसवावेत, तिथे मराठी रॅप करणाऱ्या पोरांनाही बोलवावे, आणि निकाल पंचांकडे न देता समोरच्या गर्दीकडे सोपवावा.