आधी गेन, मग आवाज

स्नेहसंमेलनाच्या सरावात एक प्रसंग आम्ही अनेकदा पाहिला आहे. महिनाभर बसवलेले गीत घेऊन एखादी विद्यार्थिनी गिटारसह उभी राहते, पहिली तार छेडते, आणि अ‍ॅम्प्लिफायर हंबरल्यासारखा घुमू लागतो. मुले हसतात, तिचा हात थांबतो. दोष तिच्या रियाजाचा नसतो, यंत्र लावणाऱ्या आम्हा मोठ्यांचा असतो. माजी विद्यार्थ्यांनी प्रेमाने दिलेला हा अ‍ॅम्प्लिफायर आम्ही बराच काळ नुसते ‘आवाज वाढवणारे खोके’ समजून वापरला. म्हणून हे टिपण.

इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर सुराला मुद्दाम स्वतःचा रंग देतो. अकूस्टिक वाद्यांचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र वाद्य जसे वाजते तसेच मोठे करण्यासाठी घडवलेला असतो. त्यावर बहुधा दोन चॅनेल असतात: एक वाद्यासाठी, दुसरा माइकसाठी. गिटारच्या घोडीखालचा पिकअप माइकच्या जागी जोडला, तर सूर पातळ आणि पत्र्यासारखा येतो. दोन्ही जागांची विद्युत घडण भिन्न असल्याने असे होते.

खरा घोटाळा होतो तो गेन आणि मास्टर या दोन नॉबांत. आत येणारा क्षीण संकेत पहिल्याच पायरीवर किती उचलायचा, हे गेन ठरवतो. स्पीकरमधून किती बाहेर सोडायचे, हे मास्टर. गेन कमी ठेवून मास्टर वाढवला, तर सुराबरोबर खरखरही वाढते. गेन अति झाला, तर सूर फाटतो, आणि फाटलेला सूर पुढे कोणत्याही नॉबने सांधता येत नाही. म्हणून मास्टर शून्यावर ठेवावा. मग वादकाला त्याचा सर्वांत जोरकस भाग वाजवायला सांगावा. हळुवार आलाप येथे उपयोगाचा नाही. क्लिपचा लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवावा आणि तेथून किंचित मागे घ्यावा. बास, मिड, ट्रेबल मध्यावर असू द्यावेत. सभागृहाला हवा तेवढा मास्टर त्यानंतर.

आता त्या घुमण्याविषयी. स्पीकरचा ध्वनी गिटारच्या पोकळ अंगाला हलवतो, पिकअप ते कंपन पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो, आणि हे चक्र वाढत जाते. गिटारच्या पोटातील हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सहज घुमते, म्हणून हा आवाज खर्जातला असतो. आमचा हात लगेच बास कमी करण्याकडे जाई, आणि वाद्याचा भरदारपणाच नाहीसा होई. त्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचे तोंड गिटारपासून वळवावे, मग फेजचा खटका दाबून पाहावा. त्याने सुरातील काहीच कापले जात नाही. तरीही घुमले, तर नॉच फिल्टरने नेमकी तेवढीच पट्टी खाली आणावी.

हार्मोनियमला पिकअप नसतो. तिला माइक लावताना भात्याची हवा त्यावर येऊ देऊ नये. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती चालू-बंद करताना चॅनेलचा आवाज आधी शून्यावर आणावा, नाहीतर मोठा धप्पकन आवाज होतो.

आणखी एक, अगदी घरगुती गोष्ट. प्रीअ‍ॅम्प असलेल्या बहुतेक गिटारींत ९ व्होल्टची बॅटरी असते आणि जॅक खोचलेला असेपर्यंत ती खर्च होत राहते. सराव संपल्यावर आवाज शून्यावर आणून जॅक काढायचा, हे काम आम्ही आता सहावीच्या मुलांकडे सोपवले आहे. ते आमच्यापेक्षा कमी विसरतात.