गोदीची भिंत

हार्बर मार्गावरून जाणाऱ्या मुंबईकरास पूर्वेकडे गोदामे दिसतात, भिंती दिसतात. समुद्र क्वचितच दिसतो. तो तेथे आहे याचा विसर पडावा इतक्या पिढ्या या भिंतीच्या आड गेल्या आहेत.

१८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, सुरू झाली. शहराने आपले अंग त्यांच्याभोवती बेतले. अलेक्झांड्रा डॉकच्या खोदाईतून निघालेल्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. गोणी पाठीवर घेणारा कोकणातला नि घाटावरचा माणूस जवळच्या चाळींत दाटीने राहिला.

एप्रिल १९५६ मध्ये 'आयडियल-एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले आणि या सगळ्याची मुदत भरत आली. कंटेनरला पाठ नको, गोदाम नको. त्याला खोल पाणी, उंच यारी आणि विस्तीर्ण पटांगण हवे. ते भर वस्तीत कोठून मिळणार? लंडनची सेंट कॅथरिन गोदी १९६८ साली बंद झाली, जहाजे खाली टिलबरीला गेली. मुंबईचे कंटेनर १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराने ओढून नेले.

पण बंदर सरकते ते कोणाच्या तरी अंगणात. शेवा कोळीवाडा उठला; उरणजवळ मिळालेली नवी वसाहत वाळवीने पोखरली आणि तेथील कोळी दशकानुदशके पुनर्वसन मागत राहिले. वाढवणला ७६,२०० कोटींच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खोल पाण्याचा अभियंत्यांना मोह पडावा हे आम्ही समजू शकतो. परंतु त्याच पाण्यावर मच्छीमारांची चूल पेटते. त्यांच्या नुकसानीचा हिशेब भरावाच्या आधी व्हावयास हवा होता.

इकडे मुंबईत प्रश्न मोकळ्या होत जाणाऱ्या जमिनीचा आहे. गिरण्यांच्या जमिनींचा अनुभव ताजाच म्हणावयाचा. १९९१ च्या नियमाने शहरास मिळावयाचा एक-तृतीयांश वाटा २००१ च्या दुरुस्तीने आक्रसला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य मानली. कित्येक गिरण्यांना निदान खासगी मालक तरी होते. गोदीची जमीन सार्वजनिक आहे. तिचा किती भाग उद्यानांना, किती साध्या घरांना, आणि भिंत प्रथम कोठे पाडावयाची, हे बंदर प्राधिकरणाने पहिली निविदा काढण्यापूर्वी नकाशासह जाहीर करावे, अशी आमची मागणी आहे.