स्वयंवादक पियानोचं मोल यंत्रात

अमेरिकेत जुना स्वयंवादक ग्रँड पियानो विकायला निघाला की गिऱ्हाइकाची नजर आधी नावावर जाते: स्टाइनवे, चिकरिंग, मेसन अँड हॅमलिन. पाहायला हवं ते पोटातलं यंत्र. वादकाच्या बोटांचा हलका-जड आघातही कागदी गुंडाळीवरून पुन्हा वाजवणारी पद्धत जर्मनीच्या वेल्टे कंपनीने 1904 च्या सुमारास आणली. पुढे अमेरिकेत अँपिको आणि ड्युओ-आर्ट या तशाच पद्धती आल्या. पितळी पट्टीवरून कागद सरकतो, छिद्र जुळलं की हवा आत शिरते, पंपाच्या ओढीने त्या सुराचा इवला भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. असे भाते ऐंशीच्या आसपास, प्रत्येकावर रबर लावलेलं कापड. काळाने ते कडक होतं, चिरतं. ते बदलणं हे महिनोन्‌महिन्यांचं हातकाम आहे, आणि खरा खर्च तिथेच होतो. म्हणून चकचकीत पॉलिश पाहून चढी किंमत मोजू नये.

यंत्र काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवणं स्वस्त पडतं, हे खरं. पण पियानोवादक रखमानिनोव्हच्या अँपिको गुंडाळ्यांतला जोर-हळुवारपणा अँपिकोच्याच हवेच्या दाबासाठी नोंदलेला आहे. इतरत्र तो अंदाजाने बसवावा लागतो. यंत्र काढणारा विक्रेता पियानोचं वेगळेपणच घालवतो. आणि घेणाऱ्याने मोठ्या आवाजावर भुलू नये. सर्वांत हळुवार तुकडा लावायला सांगावा. गळका भाता तिथे सूर गाळतो.