जोडाचे जस्त जपा



मृगाच्या तोंडावर आपण घराची कौले चाळतो, बांधबंदिस्ती करतो, बियाणे निवडतो. त्याच आठवड्यात आणखी एक काम करा. गोठ्यात जाऊन जस्ती पाइपांचे जोड पाहा. पाइप चकचकीत दिसेल. पण वेल्डिंग केलेल्या जागी तांबूस पट्टा दिसतो का, तेवढे बघा.

हे मी स्वतः ठेच खाऊन सांगतो आहे. गोठा कसा बांधावा हे लोकांना सांगण्यात माझी सारी नोकरी गेली. गावी आमचा स्वतःचा गोठा बांधताना लाकडाला वाळवी लागते म्हणून चांगले जाड जस्ती पाइप आणले. वेल्डिंग झाले, जोडांवर चंदेरी रंग फासला आणि काम फत्ते झाले असे समजलो. पाचव्या पावसाळ्यात गव्हाणीजवळचा खांब जोडातून सुटला. त्याला म्हैस बांधलेली आणि शेजारी माझी वहिनी धार काढत बसलेली. खांब तिच्या खांद्याला घासून खाली आला. दैव बलवत्तर, म्हणून मुक्या मारावर भागले. पाइप अगदी शाबूत होता. जोडाचा मात्र पापडासारखा चुरा झाला होता. वहिनी एवढेच म्हणाली, "भावोजी, साऱ्या तालुक्याला शिकवता, मग आपलाच जोड कसा राहिला?"

तो कसा राहिला, ते आता सांगतो.

जस्त काय करते?

जस्ताचा थर लोखंडाला नुसता झाकत नाही, तर लोखंडाऐवजी स्वतः झिजतो. बॅटरीच्या साध्या सेलचे उदाहरण घ्या. त्याच्या आतले भांडे जस्ताचे असते आणि सेल वापरून संपतो तसे ते खाल्ले जाते. जस्ती पाइपावर बारीक ओरखडा गेला तरी शेजारचे जस्त झिजून तेवढ्या जागेला सांभाळते. पण उघडी जागा रुंद झाली की शेजाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही.

वेल्डिंगने नेमके हेच होते. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना त्याची वाफ होते. लोखंड वितळायला मात्र १५०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे जोड बसेपर्यंत दोन्ही बाजूंचे जस्त उडून गेलेले असते. जोडाभोवती पिठासारखी पांढरी भुकटी दिसते, ती त्या जळलेल्या जस्ताचीच. शिवाय जोडात भरला जाणारा धातू रॉडचा. त्यावर जस्त नसतेच. अशा उघड्या जागेवर गोठ्यातली ओल, शेण आणि मूत रोज पडते. कोकणात त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. मग गंज चढायला वेळ लागत नाही.

चंदेरी रंगाने का भागत नाही?

तो रंग जस्तासारखा दिसतो, पण असतो ॲल्युमिनियमचा. रेड ऑक्साइडही नुसते पांघरूण घालते. पांघरूण फाटले की लोखंड उघडे. जिथून जस्त गेले, तिथे जस्तच परत द्यायला हवे.

काम कसे करावे?

१. वेल्डिंगपूर्वी जोडाच्या दोन्ही बाजूंचे इंच-दोन इंच जस्त ग्राइंडरने काढून टाका. जोड चांगला बसतो आणि धूरही कमी होतो.

२. काम उघड्यावर करा, वाऱ्याकडे पाठ ठेवा, धुरासाठीचा योग्य मास्क लावा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. दम लागला तर मात्र डॉक्टरांकडे जा. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने तो धूर बाधायचा राहत नाही.

३. जोड थंड झाल्यावर त्यावरची काळी खपली ठोकून काढा. उडालेले थेंब आणि पांढरी भुकटी तारेच्या ब्रशने साफ करा. लोखंड चकाकले पाहिजे. तेल, शेण, ओल काही राहू देऊ नका.

४. त्याच दिवशी जस्ताचा रंग लावा. दुकानात त्याला झिंक रिच प्रायमर किंवा कोल्ड गॅल्व्हनायझिंग म्हणतात. सुकलेल्या थरात जस्त किती टक्के आहे ते डब्यावर वाचा. ९० च्या वर असेल असा घ्या. जस्त जड असल्याने तळाशी बसते, म्हणून काडीने खूप ढवळा. दोन हात द्या, आणि आजूबाजूच्या चांगल्या जस्तावर इंचभर जाऊ द्या. जोडाची खालची बाजू विसरू नका. गंज तिथूनच सुरू होतो.

५. वर शोभेचा रंग द्यायचाच असेल, तर कोऱ्या जस्तावर ऑइल पेंट थेट मारू नका, पापुद्रे सुटतात. जस्ती पत्र्यासाठीचा प्रायमर आधी लावा.

जुना जोड असेल तर

आधी जनावरे बाहेर काढा, आढ्याला टेकू द्या, मग जोडावर हातोडीने हलकेच ठोका. वरवरचा गंज असेल तर खरवडून वरीलप्रमाणे रंग द्या. पाइप पातळ झाला असेल तर रंगावर भरवसा ठेवू नका. तेवढा तुकडा बदला.

नवा गोठा बांधणार असाल तर जमेल तिथे नटबोल्ट आणि क्लॅम्प वापरा. किंवा सांगाडा आधी जोडून मग जस्ताच्या कढईत बुडवून घ्या. मात्र बंद पाइपाला आधी भोके ठेवायला सांगा. आत अडकलेल्या ओलीची वाफ होऊन पाइप फुटू शकतो.

आणखी एक. खुरांसाठीचे मोरचुदाचे पाणी किंवा बागेचे बोर्डो मिश्रण जस्ती बादलीत कालवू नका. मोरचुदातले तांबे जस्ताला खाते.

भगिनींनो, शेवटचे सांगणे तुम्हाला. सकाळ-संध्याकाळ धारेला तुम्हीच बसता, तेव्हा जोड तुमच्याच नजरेसमोर असतो. तांबूस डाग दिसला की घरात सांगा, आणि तो घासून रंगवला जाईपर्यंत पिच्छा सोडू नका. आमच्या घरी आता जस्ताच्या रंगाचा डबा वहिनीच्या ताब्यात असतो. मृगाआधी ती तो माझ्यापुढे आणून ठेवते, आणि मी मुकाट्याने ब्रश हातात घेतो.