केवळ वाचनाची परवानगी

दिल्लीनजीकच्या फरीदाबाद येथे ‘रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी’ या संस्थेत जीवविज्ञानविषयक माहितीचे राष्ट्रीय भांडार आहे. ‘इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर’ या नावाने त्याचे उद्‌घाटन १० नोव्हेंबर २०२२ रोजी झाले. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात गोळा केलेली सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती येथे ठेवलेली असून, जानेवारी २०२५ पासून ती संशोधकांस रीतसर अनुमतीनेच पाहावयास मिळते.

येथे एक शंका येईल. संशोधक मूळ माहिती पुसत नाही, बदलत नाही. तो ती केवळ वाचतो. मग एवढा बंदोबस्त कशासाठी? उत्तर सोपे आहे. बिघडलेली नोंद प्रतीवरून पूर्ववत करता येते. उघड झालेले गुपित मात्र पुन्हा झाकता येत नाही. शिवाय जनुकसंच हा त्या व्यक्तीइतकाच तिच्या आप्तांविषयीही बोलत असतो.

हाच विचार आता यंत्रांनाही लागू करावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘अभिकर्ता’, म्हणजे रोजच्या भाषेतील एजंट, ही मनुष्याने सोपविलेले काम स्वतः पायऱ्या ठरवून पार पाडणारी संगणकप्रणाली होय. त्यासाठी तिला निरनिराळी साधने दिलेली असतात. काही साधने नोंदी बदलतात, पत्रे पाठवितात. काही केवळ वाचतात. वाचणारी साधने निरुपद्रवी समजून ती सरसकट मोकळी ठेवावीत, असा मोह होतो.

परंतु वाचनातही दोन धोके आहेत. पहिला असा की, एका साधनाने वाचलेले दुसऱ्या साधनाने बाहेर जाऊ शकते. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. मालकाची आज्ञा आणि वाचलेला मजकूर यांतील भेद अभिकर्त्यास खात्रीने कळत नाही. त्यामुळे मजकुरात कोणी दडविलेली आज्ञाही तो पाळू शकतो. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट’ या साहाय्यकात असाच दोष संशोधकांस आढळला: एका ईमेलमधील छुप्या सूचनांमुळे खाजगी माहिती बाहेर जाण्याजोगी होती. तो दोष पुढे दूर करण्यात आला.

साधनावरील ‘केवळ वाचन’ ही खूणही पुरेशी नव्हे. अभिकर्ता व साधने यांना जोडणाऱ्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतात अशी खूण आहे. पण ती साधन पुरविणाऱ्याने दिलेली सूचना असते, कुलूप नव्हे.

कुलूप कोठे लावावे? १९७५ मध्ये साल्त्झर व श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी मांडलेले एक तत्त्व येथे उपयोगी पडते: प्रत्येकास कामापुरताच, किमान अधिकार द्यावा. त्यानुसार अभिकर्त्यास संपूर्ण भांडार नव्हे, तर आवश्यक तेवढेच कप्पे उघडून द्यावेत. अनुमतीस मुदत असावी. काय वाचले याची नोंद राहावी. गोपनीय वाचन व बाहेर पाठविणे हे दोन अधिकार मनुष्याच्या संमतीवाचून एकत्र येऊ नयेत. आणि हा पहारा अभिकर्त्याच्या सद्बुद्धीवर न सोपविता भांडाराच्या दारावरच असावा. कारण ज्याची दिशाभूल होऊ शकते, त्याच्याच हाती किल्ल्या ठेवून चालत नाही.